तापलेलं पाणी

पहाटे पेलाभर पाणी पिऊन झाल्यावर पॅट्रिक म्हणाला, “थँक यू, सिस्टर.” आणि पेला परत देता देता, डोळे मिटलेलेच ठेवून, मोठ्या अदबीनं त्यानं विचारलं, “तुमची ड्यूटी कधी संपते?”

“संध्याकाळी,” कार्मिन म्हणाली. उत्तर तोंडातून निघून गेलं आणि मग तिला कळलं की आपण उत्तर दिलं. पॅट्रिक “बरं” म्हणाला, धड असलेल्या डाव्या हातानं त्यानं चादर छातीवर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती पेला घेऊन उभीच. मग तिच्यातली नर्स जागी झाली. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळातच त्याला झटका आला होता, ऑफिसात, झेरॉक्सच्या मशीनपाशी उभा असताना. उजवी बाजू गेली ती अर्धीमुर्धीच परत आली. पुन्हा तसलंच काही नसेल ना? तिनं दिवा लावला, त्याचा खांदा हलवला. “पॅट्रिक, मी कोण?” त्यानं डोळे किलकिले केले. “काय गं कार्मिन, झोपू दे की,” तो वैतागून म्हणाला आणि पुन्हा घोरायला लागला. म्हणजे काही झालं नव्हतं. झोपेत बरळला होता. माणसं बरळतात. तिनं दिवा मालवला, बाल्कनीतले जाड बूट आणले, कॉटवर बसून नाड्या बांधायला घेतल्या, आणि एका बुटाची नाडी बांधून झाल्यावर दुसरा बूट हातात धरून ती किती तरी वेळ नुसती बसून राहिली.

दार वाजलं तेव्हा ती उठली. मेल्विन आला होता. हा पॅट्रिकचा चुलतभाऊ, बँकेत नोकरीला. शुक्रवारी दिवसभर तो पॅट्रिकपाशी बसायचा आणि संध्याकाळी चर्चमध्ये मिसला जायचा. “निघा वहिनी, यल्ला,” तो कुजबुजला, “मी आहे.” अबू हमूर वस्तीतल्या त्या एका व्हिलाचे मालकानं भिंती घालून पाच तुकडे केले होते, त्यातल्या मागच्या तुकड्यात ती दोघं राहायची. गल्लीत अजून अंधार होता. गाडीच्या काचेवर रात्रभराची धूळ बसली होती. वायपरनं ती दोन्हीकडे ढकलली गेली, मधे तेवढा रस्ता दिसायला लागला, आणि तेवढ्याच रस्त्याकडे बघत कार्मिन शहराबाहेर पडली.

सिस्टर. या आखाती देशात आल्यापासून सगळे तिला सिस्टरच म्हणत आले होते. हॉस्पिटलात म्हणायचे ते ठीकच होतं, पण भाजीवाला, शिंपी, पेट्रोल भरणारा, सिग्नलला चुकून गाडी घासून गेलेला तो सुदानी, सगळे. या शब्दाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. युनिफॉर्मसारखा होता तो. दारात चढवायचा, दारात उतरवायचा. घरात तो कधी आला नव्हता, आणि आता आला तर तेवढं काय मनाला लावून घ्यायचं. पण टोचत होता तो शब्द नव्हताच. टोचत होता तो प्रश्न. लग्न झाल्यापासून पॅट्रिकनं तिला तिची ड्यूटी कधी संपते असं कधी विचारलं नव्हतं. तिची रोस्टर फ्रीजवर लावलेली असायची, तीवरून त्याला कळायचं. न कळलं तर जेवण झाकलेलं आहे की नाही यावरून कळायचं. जे बायकोला विचारायचं कधी सुचलं नाही ते त्यानं कुणा अनोळखी नर्सला विचारलं होतं. आणि किती मायेनं! त्या नर्सचा तिला हेवा वाटला. आपल्याला आपलाच हेवा वाटावा हे तिला इतकं हास्यास्पद वाटलं की ती गाडीत एकटीच फुस्‌कन हसली, आणि हसण्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं म्हणून रागावली. पुढचं वळण चुकलं. रस्त्यांची कामं सगळीकडे सुरूच होती. मागच्या शुक्रवारी होता तो चौक या शुक्रवारी नव्हता. नारिंगी पिंपांच्या रांगेमधून वळसा घालून ती मूळ रस्त्याला लागली तोवर मागून उजाडायला लागलं होतं.

मन्सूरसाहेबांचं शेत शहराच्या पश्चिमेला, उंटांच्या शर्यतीच्या मैदानाच्या अलीकडे होतं. शेत म्हणजे खजुराच्या काही रांगा, बकऱ्यांचा गोठा, पाहुण्यांसाठी बांधलेली लांबलचक मजलिस, आणि या सगळ्याला वळसा घालून गेलेला अरुंद रूळ. रुळावरचं इंजिन मन्सूरसाहेबांच्या वडिलांनी आणलं होतं. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याशा साखर कारखान्यात ते उसाच्या वाघिणी ओढायचं; भंगारात निघालेलं त्या म्हाताऱ्यानं पाहिलं आणि एखाद्याचा घोड्यावर जीव जडावा तसा त्याचा त्या इंजिनावर जडला. बोटीत घालून आणलं. म्हातारा गेला तरी मुलानं थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी ते चालू ठेवलं होतं, आणि ते चालवायला नोकर न ठेवता हौशी माणसंच ठेवली होती, कारण वडिलांचं तसं म्हणणं होतं. ड्रायव्हर होता सदानंद गायधनी, मूळचा नाशिकचा, गॅस प्लांटमध्ये इंजिनीअर. इंजिनाच्या केबिनमध्ये आतल्या पत्र्यावर अजून पुसट अक्षरं होती, ‘येथे थुंकू नये’. मन्सूरसाहेबांनी त्याचा अर्थ विचारला तेव्हा सदानंदनं ‘सुस्वागतम्’ असा सांगितला होता, आणि तेव्हापासून रंग देताना ती अक्षरं जपली जायची.

दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्र मंडळाची सहल इथं आली होती. बाकीच्या बायका खजुरांच्या सावलीत सतरंज्या घालत होत्या आणि कार्मिन इंजिनापाशी उभी राहून प्रेशरचा काटा बघत राहिली होती. “येताय का वर?” सदानंदनं सहज विचारलं. ती चढली. सहल परत निघाली तेव्हा पॅट्रिकला तिला शोधत यावं लागलं. तिचं तोंड काळं, कपाळावर केस चिकटलेले, हातात फावडं. तेव्हा पॅट्रिक आपल्या पायांनी आला होता. रुळांच्या कडेला उभा राहून, कंबरेवर हात ठेवून, तो नुसता बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते आता काही केल्या तिला आठवत नव्हतं.

फजलनं, म्हणजे शेत सांभाळणाऱ्या पेशावरच्या माणसानं, खजुराच्या वाळक्या झावळ्या आणि फोडलेली पेट्यांची लाकडं शेडपाशी टाकून ठेवली होती. “सलाम बाजी. चाय?” तिनं मान हलवली. आधी पाण्याची काच बघायची. काचेच्या उभ्या नळीत पाणी अर्ध्यापर्यंत होतं. मग भट्टीचं दार उघडायचं, कालची राख ओढायची, झावळ्या रचायच्या, तेलात बुडवलेलं चिंधूक पेटवून फावड्यावरून आत सारायचं. झावळी पेटते तेव्हा एकदम मोठ्यानं बोलल्यासारखी पेटते. मग लाकूड, आणि लाकडानं पेट घेतला की मूठमूठ कोळसा. घाई करून चालत नाही. थंड लोखंडाला एकदम तापवलं तर ते कुरकुरतं, सांध्यांमधून गळायला लागतं. काटा हलायला सकाळ जाते. तेवढा वेळ बाकी काही करायचं नसतं; आगीपाशी बसून राहायचं, तिला काय हवं ते बघायचं, आणि ती काही विचारत नाही, याचंच कार्मिनला बरं वाटायचं.

वसईला घरामागे आई भाताच्या मोठ्या तांब्याच्या हंड्याखाली असाच जाळ घालायची. उकडा तांदूळ करायचा तर भात आधी उकळायला हवा, आणि जाळ पहाटेपासून एकसारखा राहायला हवा. तो राखायचं काम कार्मिनचं. थोरल्या बहिणी विहिरीवर, भाऊ केळीच्या बागेत, आणि ही चुलाण्यापुढे उकिडवी. उकडणाऱ्या भाताचा तो जडसर, कोंदट, ओल्या गोणपाटासारखा वास. हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायच्या विभागात पहिल्या दिवशी मशीनचं दार उघडलं, वाफाळलेल्या कापडाचा भपकारा तोंडावर आला, आणि तिला तो वास आठवून भूक लागली होती. त्या विभागात ती आपण होऊन मागून गेली होती. वॉर्डात सगळं आयुष्य काढल्यावर तिला माणसांचे चेहरे नकोसे झाले होते. वेदनेनं वाकडे झालेले, आशेनं बघणारे, बेल दाबून वाट बघणारे. इथं खाली, तळमजल्यावर, चेहरे नव्हते. कात्र्या, चिमटे, ट्रे. दार लावायचं, बटण दाबायचं, काटा चढतो, काटा उतरतो. ती सुखात होती. आणि मग पॅट्रिक झेरॉक्सच्या मशीनपाशी कोसळला आणि एक चेहरा घरातच येऊन बेल दाबायला लागला. बेलही तिनंच आणून दिली होती, कॉटला बांधायची, मुलांच्या सायकलची असते तसली. रात्री ती वाजते त्याआधी तिला जाग येते. वाजते, ती उठते. काही वेळा नुसतं “आहेस ना?” एवढंच विचारायला वाजते.

नाताळपासून त्यानं एकच धोशा लावला होता, मला गावी ने. वसईला त्याचा थोरला भाऊ इनास, त्याची बायको, मुलं, सुना. इनासनं खालची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. कार्मिन म्हणायची, इथं इलाज चांगला आहे, उन्हाळ्यात बघू. इलाज चांगला होता हे खरंच होतं. पण ते कारण नव्हतं. तिला ती स्वतः तिथं दिसायची: ओटीवर खुर्ची, खुर्चीत पॅट्रिक, शेजारी ती, सकाळी गोळ्या, दुपारी गोळ्या, आणि सबंध पाखाडीतली माणसं रक्तदाब मोजून घ्यायला अंगणात. ना खालचा तळमजला, ना शुक्रवार. एलिशाला, त्यांच्या मुलीला, बंगळुरात फोन करून ती हे सांगायला गेली तर एलिशा नेहमीप्रमाणे इंग्रजीत म्हणाली, तुला जे बरं वाटेल ते कर मम्मा. आपल्याला काय बरं वाटतं हे शोधायची शक्ती असती तर फोन कशाला केला असता? जानेवारीत इनास म्हणाला होता, “तुझी नोकरी आहे तर तू राहा. त्याला पाठव, आम्ही काय परके?” तेव्हा ती भडकली होती. “मी मेले नाही अजून, भावजी,” असं म्हणून तिनं फोन आपटला होता आणि नंतर दोन तास कपडे इस्त्री करत बसली होती, इस्त्री नको असलेलेसुद्धा.

सदानंद आला तेव्हा काटा वर चढायला लागला होता. आज तो पांढरा शर्ट घालून आला होता. “कार्मिनताई, आज जरा झकास व्हायला पाहिजे हं,” तेलाचा डबा हातात घेता घेता तो म्हणाला. “मन्सूरसाहेबांच्या पाहुण्यांत आमचे जनरल मॅनेजर आहेत. फॅमिली घेऊन.” डाव्या बाजूचा इंजेक्टर गेल्या आठवड्यापासून बंदच होता, त्याचा सुटा भाग इंग्लंडहून यायचा होता. टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये घालायला आता उजवा एकटाच. “तेवढ्यावर भागेल ना?” तिनं विचारलं. “भागेल की. उजवा काय वाईट आहे?” त्यानं इंजेक्टरवर चापट मारली. तो चांगला माणूस होता. पॅट्रिकच्या आजारात त्याची बायको नीता महिनाभर डबा पाठवत होती. पण आज त्याचं लक्ष सारखं फाटकाकडे होतं.

नमाजानंतर पाहुणे आले. जेवणं झाली. फजलनं तिच्यासाठी मजबूसचं ताट आणलं, तिनं वरचं मटण बाजूला सारून नुसता भात खाल्ला. “बाजी, गोश्त?” “उपवास है, फजल.” तो समजून मान हलवून गेला. मार्च संपत आला होता. खरं म्हणजे या मोसमातल्या फेऱ्या मागच्या आठवड्यातच बंद करायला हव्या होत्या. ऊन नुसतं पडत नव्हतं, अंगावर टेकत होतं. भट्टीचं दार उघडलं की समोरून आग आणि बंद केलं की मागून ऊन, एवढाच फरक. पहिल्या फेरीत तीन छोटे डबे भरून मुलं, बायका आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यांतले पुरुष बसले. सदानंदनं शिट्टी दिली, बकऱ्या पळाल्या, मुलं किंचाळली. कार्मिन फावड्यानं कोळसा मागच्या कोपऱ्यांत पसरत होती, दार लावत होती, उघडत होती, आणि तिच्या डोक्यात ती अनोळखी नर्स पॅट्रिकच्या उशापाशी उभी होती. कशी असेल ती? तरुण असेल. हळू बोलत असेल. रात्री तिसऱ्यांदा उठावं लागलं तर “आता काय?” असं म्हणत नसेल. कार्मिन म्हणायची. मोठ्यानं नाही, पण पांघरूण बाजूला फेकण्याच्या आवाजात ते असायचं आणि पॅट्रिकला ते ऐकू जायचं, कारण पुढच्या रात्री तो बेल वाजवायचा नाही, ओलं अंथरूण सहन करत पडून राहायचा आणि सकाळी माफी मागायचा. ती माफी तिला बेलपेक्षा असह्य व्हायची.

दुसरी फेरी संपत आली तेव्हा तिला काच दिसली. पाणी पाव नळीवर आलं होतं. बकऱ्यांच्या गोठ्यापाशी इंजेक्टर सुरू करायचा ही तिची नेहमीची जागा, आणि गोठा केव्हा मागे गेला ते तिला कळलंच नव्हतं. तिनं झटकन पाण्याचा कॉक उघडला, मग वाफेचा. इंजेक्टरनं पाणी ओढायचं सोडून खालच्या नळीतून भसाभस वाफ आणि पाणी बाहेर फेकलं. बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा तेच. तिनं टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि झटका बसल्यासारखा काढला. टाकीतलं पाणी तापलं होतं. वरून उन्हानं, आतून बॉयलरच्या धगीनं. फार गरम पाणी इंजेक्टर घेत नाही. कितीही वाफ दिली तरी घेत नाही.

गाडी मजलिसपाशी थांबली. “सदानंदभाऊ, पाणी चढत नाही.” त्यानं वाकून पाहिलं, स्वतः प्रयत्न केला, फजलला हाक मारली. फजलनं पिण्याच्या कूलरमधलं बर्फगार पाणी बादलीभर आणून इंजेक्टरवर ओतलं. फस्स आवाज झाला, इंजेक्टरनं क्षणभर सूर धरला, काचेतलं पाणी इवलंसं थरथरलं, आणि पुन्हा भसाभस वाफ. जमिनीतल्या हौदातलं पाणी टाकीत घालावं म्हटलं तर तेही दिवसभर उन्हातच होतं. तेवढ्यात मागचे डबे पुन्हा भरले होते. जनरल मॅनेजर स्वतः, त्यांची बायको, मांडीवर लहान मुलगी. मुलगी शिट्टीकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होती.

“एकच राउंड,” सदानंद दबक्या आवाजात म्हणाला. “छोटासाच तर फेरा आहे. तेवढं पाणी आहे.”

“आहे ते काचेच्या बुडाशी आहे.”

“अहो, सपाट जागेवर बुडाशी दिसतंय ना? म्हणजे आहे.”

“आणि पुढचा उतार? तिथं पाणी पुढे सरकलं की भट्टीचा माथा उघडा पडतो.”

“ताई, प्लग आहे की खाली.” भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग असतो. पाणी त्याच्याही खाली गेलं तर शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत घुसून आग विझवते. तो शेवटचा उपाय.

“प्लगच्या भरवशावर ती पोरं बसवायची?”

“मी ड्रायव्हर आहे. मी सांगतोय, एकच राउंड. मग खलास. प्लीज.” त्याच्या पांढऱ्या शर्टवर काळी बोटं उमटली होती. प्लीज म्हणताना त्याचा चेहरा वॉर्डातल्या चेहऱ्यांसारखा झाला आणि तिला त्याची दया आली. एरवी ती हो म्हणाली असती. ‘एकच राउंड’ असले शब्द तिच्या चांगले ओळखीचे होते. एकच नाइट, सिस्टर. एकच महिना. हा उन्हाळा जाऊ दे. ती आयुष्यभर त्यांना हो म्हणत आली होती आणि तेवढं बळ दर वेळी कुठून तरी निघालंही होतं. आता तिनं आत शोधलं तर काही नव्हतं. राग नव्हता, भीतीही नव्हती. फक्त एक स्वच्छ, कोरडं नाही होतं.

तिनं भट्टीचं दार सताड उघडलं, कोपऱ्यातली लांब लोखंडी पहार उचलली आणि जाळीच्या पट्ट्यांमध्ये खुपसून उचकटली. “अहो ताई!” सदानंद ओरडला. पहिली पट्टी हलली, दुसरी हलली, आणि सकाळपासून जपलेली आग खालच्या राखपेटीत कोसळली. ती खाली उतरली, आकड्यानं निखारे रुळांमधल्या वाळूत ओढायला लागली. धग अशी की भुवया जळाल्याचा वास आला. फजल धावत आला आणि वाळूचं फावडं घेऊन तिच्या बाजूला उभा राहिला. डब्यांतली माणसं उतरून लांब झाली. कुणीतरी हसलं, लहान मुलगी रडायला लागली. ढिगाऱ्यातले लाल निखारे वाळूवर हळूहळू करडे पडत होते, आणि तो रंग जाताना बघत कार्मिन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

मन्सूरसाहेब झब्बा सावरत आले. निखाऱ्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “खलास?”

“खलास,” ती म्हणाली. मग इंग्रजीत, “बॉयलर इज सेफ.”

त्यांनी मान डोलावली, छातीवर हात ठेवला, “शुक्रन,” म्हणाले आणि पाहुण्यांना उंटांकडे घेऊन गेले. लहान मुलगी वडिलांच्या खांद्यावरून मागे बघत गेली. सगळं एवढ्यावर मिटलं. सदानंद मात्र पायरीवर बसून राहिला होता. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “बरोबर केलंत तुम्ही. पण मला विचारायला हवं होतं.” “विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा प्लीज म्हणाला असता,” ती म्हणाली. तो ओशाळवाणं हसला, तेलकट चिंधी घेऊन पितळी नळ्या पुसायला लागला. तीही दुसऱ्या बाजूनं पुसायला लागली. लोखंड थंड होताना टक्‌ टक्‌ वाजत होतं. तिची पाठ जळत होती, आणि तरी पहाटेपासून डोक्यात जे गरगरत होतं ते थांबलं होतं. ती नर्स कुठं गेली कोण जाणे. तिच्या जागी पॅट्रिक होता, नुसता पॅट्रिक, ओलं अंथरूण लपवणारा. अदबीनं बोलावं असं त्याला घरात कुणी सापडत नव्हतं, आणि म्हणून त्यानं ते झोपेत शोधलं होतं. तिला त्याचा राग आला नाही. आपल्या दोघांनाही हे पेलत नाही, एवढंच तिला कळलं, आणि ते इतकं साधं होतं की सांगायला काहीच अडचण नव्हती.

घरी पोचली तेव्हा दाराबाहेरच तिला हसणं ऐकू आलं. बूट हातात घेऊन ती पॅसेजमध्ये थांबली. आत मेल्विन पॅट्रिकची दाढी करत होता आणि पॅट्रिक घरच्या बोलीत, मोठमोठ्यानं, कुणाच्या तरी बागेतली केळी चोरल्याची गोष्ट सांगत होता. “हलू नको रे, कापेल!” “कापू दे!” तो अडखळत नव्हता. आजारानंतर राहून गेलेला शब्दांमधला तो खड्डा कुठं गेला होता? ती दारात आली. त्यानं तिला पाहिलं आणि हसणं घडी घातल्यासारखं मिटलं. “आलीस?” तो हळू, प्रमाण भाषेत म्हणाला. “दुपारची गोळी राहिलीय.” मेल्विन दिवसभर तिथंच होता, गोळी मात्र तिच्यासाठी राहिली होती. तिनं गोळी दिली, पाणी दिलं, आणि पेला हातातून घेतल्यावर कॉटच्या कडेला बसली. चादरीला काळं लागलं.

“पॅट्रिक, तू गावी जा.”

“उन्हाळ्यात म्हणालीस ना?”

“उन्हाळ्यात नाही. ईस्टरला तिथं असायला हवास. मेल्विन सुट्टीवर चाललाय ना, त्याच्याबरोबर जा.”

“आणि तू?”

“मी इथंच.”

मेल्विननं वस्तरा बाजूला घेतला. पॅट्रिक तिच्या कपाळाकडे, जळालेल्या भुवईकडे बघत राहिला. “रागावलीस माझ्यावर?”

“नाही रे. दमले.”

गालावरचा साबण सुकत चालला होता. “मीपण दमलोय, कार्मिन,” तो म्हणाला. “तुझ्यासमोर आजारी राहून राहून.”

तिनं त्याचा उजवा हात, न उठणारा, आपल्या मांडीवर घेतला. मग पॅट्रिकनं घसा खाकरला. “मेल्विन, अर्धी दाढी राहिलीय. ती कर आधी, आणि मग इनासला फोन लाव.”

ती आंघोळीला गेली. फरशीवरून काळं पाणी जाळीकडे वाहायला लागलं. बाहेर फोन लागला होता. परदेशातून बोलताना आवाज वर चढतो तसा पॅट्रिकचा चढला होता, भिंतीपलीकडून शब्द न्‌ शब्द कळत होता. “हां, ईस्टरला. मेल्विनसंगे... ती नाय येत... नाय रे, भांडण कसलं! तिचं काम हाय इथं.” मग पलीकडून इनास काहीतरी विचारत असावा. “आज? आज शुक्रवार ना, इंजिनावर गेलती... अरे इंजिन! आगगाडीचं!” इनासचा विश्वास बसत नव्हता, कारण पॅट्रिक हसला आणि आणखी मोठ्यानं ओरडला, “कोळसा टाकते ती, कोळसा! तू बघायला पायजे होतास. मी बघितलंय ना. तोंड सगळं काळं, आणि अशी हसत होती...”

कार्मिननं नळ बंद केला. साबणाचे हात तसेच धरून ती दाराला कान लावून उभी राहिली. पुढचं तिला ऐकायचं होतं.